शहजादीची डबल बेल

शहजादीला लोक चेहऱ्यापेक्षा हातावरून जास्त ओळखायचे. केडगावहून माळीवाड्यामार्गे भिंगारला जाणाऱ्या शहर बसची ती कंडक्टर. गाडीतल्या बेलचं बटण कुणीतरी च्युइंगगम चिकटवून कायमचं मुकं करून टाकलं होतं, म्हणून शहजादी दाराशेजारचा पत्रा तळहाताने ठोकायची. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. या दोन ठोक्यांना सगळे कंडक्टर डबल बेल म्हणतात. बेल असो की नसो, म्हणायचं बेलच.

एवढं तर कुणालाही येतं. पण शहजादी आणि तिचा ड्रायव्हर बिभीषण यांच्यात त्याच्या पुढची बाराखडी होती. तीन भरभर ठोके: गाडी गच्च झाली, पुढच्या स्टॉपवर कुणी कितीही हात हलवला तरी थांबू नकोस. नखांनी पत्रा खरवडला: चेकर चढलाय, नीट चालव. खरवडून वर एक ठोका: भिंगारला चहा, आणि आज तो तू पाजायचास. हे सगळं कुणी बसून ठरवलं नव्हतं. नऊ वर्षांत होत गेलं होतं, घरातल्या घरात दोन माणसांची बोली तयार होते तसं.

बिभीषण पाथर्डीकडचा. आधी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर, मग ट्रक, मग ही शहर बस. बोलायला कंजूष. गाडी स्टॉपवरून काढताना तो आरशातही बघायचा नाही. नवीन ड्रायव्हर त्याला विचारायचे, "दादा, मागचं कसं कळतं?" तो म्हणायचा, "मागं शहजादीताई हाय. मला आरसा कशाला लागतो?"

हे वाक्य शहजादीने मुकुंदनगरच्या आपल्या गल्लीत इतक्यांना ऐकवलं होतं, की तिचा नवरा इम्रान एकदा जेवता जेवता म्हणाला, "आज एका भाकरीत तीनदा बिभीषणभाऊ झाले. तुझ्या यादीत मी कुठं बसतो?"

"तू सुप्याच्या कंपनीत बसतोस. जेव गुपचूप."

इम्रान हसला. त्याला काही वाटायचं नाही. बसच्या धंद्यात जोडीला जोडीच म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. ड्रायव्हर एकटा दिसला तर पानवालासुद्धा विचारतो, "काय, आज जोडीदार कुठाय?"

मग तिकडे आखातात लढाई पेटली. टीव्हीवर जळती जहाजं दिसायला लागली आणि इकडे नगरच्या पंपांवर दोर बांधले गेले. शहर बसला डिझेल रेशनसारखं मिळू लागलं. शहर बसचा ठेका होता वैजनाथशेठकडे. त्यांनी निम्म्या गाड्या आवारात उभ्या केल्या, आणि उरलेल्यांत लोक पोत्यासारखे कोंबले जाऊ लागले.

आवाराच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या शेडखाली, शेठच्या आजोबांची एक बस होती. जुन्या ट्रकसारखं नाक पुढं काढलेली. बाकं लाकडी. दिव्यांच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग. तो रंग दुसऱ्या महायुद्धातला. विमानांना उजेड दिसू नये म्हणून तेव्हा गाड्यांना असं अर्धं आंधळं करत. पेट्रोल त्याही लढाईत मिळत नव्हतं, म्हणून या बसच्या पाठीवर एक उंच लोखंडी पिंप बसवलेलं. पिंपात कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळ्यांतून गाळून इंजिनात न्यायचा आणि गाडी त्याच्यावर पळवायची. पळवायची म्हणजे काय, चालवायची. नियाज मिस्त्रीने जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनासाठी ती सगळी भानगड खपून पुन्हा जिवंत केली होती.

"शेठ," नियाज म्हणाला, "डिझेल नाही म्हणून रडताय, आणि कोळशावरची गाडी घरात झाकून ठेवलीये."

शेठच्या डोळ्यांत दिवा लागला. त्यांनी लढाईपुरता खास परवाना काढला आणि महायुद्धातली बस नगरच्या रस्त्यावर आली. पाठीवरचं पिंप न्हाणीघरातल्या बंबासारखं दिसायचं, म्हणून पहिल्याच दिवशी लोकांनी तिचं नाव ठेवलं: बंबवाली.

बंबवाली कोण चालवणार, याला दुसरं उत्तरच नव्हतं. तिचा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागे, मध्ये इंजिनाचा आवाज कानाने तोलावा लागे. हे हल्लीच्या पोरांना जमण्यातलं नव्हतं. जुन्या ट्रकवर हाडं मोडून घेतलेल्या बिभीषणला जमायचं. आणि बिभीषण म्हणजे शहजादी, असं शहजादी धरून चालली होती. त्या सकाळी तिने खाकी शर्टाला कडक इस्त्री केली, ओढणी पिनांनी नीट बसवली, आणि आवारात येऊन सरळ बंबवालीच्या पायरीवर पाय ठेवला.

शेठ म्हणाले, "बिभीषण बंबवालीवर. कंडक्टर धनश्री."

शहजादीचा पाय पायरीवर तसाच राहिला.

"शेठ, नाव चुकलं का?"

"चुकेल कसं? अहो ताई, पेपरवाले येणारेत, फोटो निघणारेत. शिवाय मागं चढून कोळसा ढवळायचा असतो. ती पोरगी चपळ आहे."

"आणि मी काय लंगडी आहे?"

"तसं नाही हो. तुम्ही मुरलेल्या. तुम्हाला वाल्मिकबरोबर देतो. नवं पोरगं आहे, जरा वळण लावा त्याला."

"मुरलेली! लोणचं आहे का मी?"

सगळे हसले. नियाजही हसला. शहजादीने बिभीषणकडे बघितलं. तो बाटलीचं झाकण लावत होता. ते झाकण काही त्याला लागेना. एवढा वेळ कुणाला झाकण लावायला लागतो? 'शेठ, मला माझी कंडक्टर द्या' हे पाच शब्द. माणूस कंजूष असावा, पण इतका?

तिने पाय खाली घेतला.

वाल्मिकच्या कानात गाण्याची बोंडं असायची. शहजादीने डबल बेल दिली तरी गाडी ढिम्म. मग ती ओरडायची, "अरे चल की!" मग तो अशी दचकून गाडी काढायचा की उभी माणसं एकमेकांच्या गळ्यात. तीन ठोके, खरवडणं, यातलं काही त्याच्यापर्यंत पोचायचंच नाही. गर्दीत एकट्याने मोठमोठ्याने बोलत सुटलेल्या बाईसारखं तिला वाटायचं.

आणि समोरून बंबवाली यायची. गुरगुरत, धापा टाकत, मागं कोळशाचा वास सोडत. पोरं तिच्यामागं पळायची. रेल्वे पुलाच्या चढावर ती दमायची तेव्हा उतारू खाली उतरून हसत हसत तिला ढकलायचे, लग्नात नवरदेवाची गाडी ढकलावी तसे. दारात धनश्री उभी. सुप्याची पोरगी, सडपातळ, गालावर कोळशाचा एक पट्टा, आणि तो पट्टासुद्धा तिला शोभायचा! पेपरात तिचा फोटो आला. खाली लिहिलेलं, 'बंबवालीची रणरागिणी'. शहजादीने तो पेपर भाकरीखाली अंथरला.

पण खरा चटका दिला रंगुबाईने. रंगुबाई केडगावची, भिंगारला भाजी विकायला जाणारी. रोज परतताना ती शहजादीच्या हातात कोथिंबिरीची जुडी कोंबायची. आता ती बंबवालीने जायची. माळीवाड्यावर दोन्ही गाड्या शेजारी लागल्या असताना शहजादीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं: जुडी धनश्रीच्या हातात.

"काय रंगुबाई, आमची लाईन सोडली वाटतं?"

"अगं बाय, तिकडं वारा लई येतो," रंगुबाई खिडकीतून म्हणाली. "आन् पोर गुणाची हाय. हात धरून चढवती."

"मी काय पाय ओढून खाली पाडायची का?"

"तू बी धरायचीस की. पर तू वरडायचीस."

कोथिंबीर बाजारात ढिगाने मिळते. शहजादीने त्या दिवशी घरी विकत आणली, आणि कालवणात घालायची विसरली.

आठवड्याची सुट्टी आली. भिंगारच्या मावसबहिणीला बरं नाही, असं इम्रानला सांगून शहजादी निघाली. मावसबहीण ठणठणीत होती. शहजादी केडगावला बंबवालीत चढली आणि मागच्या बाकावर, कोपऱ्यात, ओढणी कपाळापर्यंत ओढून बसली. तिला फक्त बघायचं होतं. धनश्री तिकीट कसं फाडते, गर्दी कशी सरकवते, कुठं चुकते. चुकत असणारच.

धनश्रीने तिला लगेच ओळखलं. "अय्या, ताई! तुम्ही? बसा ना पुढं."

"इथंच बरी आहे."

"ताई, तुम्ही आल्या ते बरं झालं. मला सांगा हं काही चुकलं तर."

असं बोलणाऱ्या माणसाचा राग तरी कसा करायचा? शहजादीने केला.

सक्कर चौकात गाडी गच्च भरली. धनश्रीने हात उचलला आणि पत्र्यावर तीन भरभर ठोके पडले. बंबवालीचा पत्रा जुना, जाड, आतून लाकडाने भरलेला. आवाज असा घुमला की शहजादीच्या रोजच्या गाडीत तो नऊ वर्षांत कधी घुमला नव्हता. आणि पुढच्या स्टॉपवर हात हलवणाऱ्या माणसांना सोडून बिभीषण सरळ निघून गेला.

शहजादीच्या पोटात कोळसा पडला. पुढे नखांनी खरवडल्याचा आवाज आला. वर एक ठोका. आणि पुढून, ड्रायव्हरच्या सीटवरून, बिभीषणचं ते दबकं हसू.

चहासुद्धा!

भिंगारला गाडी लागली. धनश्री पाण्याची बाटली भरायला गेली आणि शहजादीने टपरीवर बिभीषणला गाठलं.

"शिकवलंस तिला."

"काय?"

"वेड पांघरू नकोस. तीन ठोके. खरवडणं. चहा!"

बिभीषणने बशीत चहा ओतला. "मग? गाडी कशी चालवायची? पोरगी नवी हाय. पुढं आवाज लई हुतो. खुणा लागत्यात."

"नव्या खुणा करायच्या. त्या माझ्या होत्या."

"ताई, ठोके काय सातबारा हाय का, तुझ्या नावावर असायला?"

"माझ्या हातातून निघालेत ते."

"आन् माझ्या कानात शिरलेत. माझं काईच न्हाई का त्यात?"

शहजादीने आवाज चढवला. "शेठसमोर तोंड उघडलं नाहीस तेव्हाच कळलं मला. तुला काय, मागं कुणीही ठोकलं तरी चालतं. माकड बसवलं तरी चालेल."

बिभीषणने कप ठेवला. "चल, टाईम झाला," एवढंच म्हणाला. आणि ती चुकीचं बोलतेय असं म्हणाला नाही, हे तिला जास्त लागलं.

परतीच्या फेरीत ती पुन्हा मागच्या बाकावर. मनात एकच प्रश्न करवतीसारखा चालू: कुणीही ठोकलं तरी चालतं का याला? की अजून माझा हात वेगळा कळतो?

रेल्वे पुलाच्या चढाआधी बंबवाली धापा टाकू लागली. बिभीषणने गाडी कडेला घेतली. धनश्री सळई घेऊन उतरली, मागं गेली, पिंपाला लावलेल्या लोखंडी पायरीवर चढली आणि झाकण उघडून कोळसा ढवळू लागली. मागच्या छोट्या काचेतून शहजादीला ती दिसत होती. वाकलेली, जीभ दातात धरलेली, एक हात झाकणावर. शहजादीला ती अगदी नीट दिसत होती. हे पुढे ती स्वतःपासूनही कधी लपवू शकली नाही.

"ओ, काढा की गाडी," कुणीतरी ओरडलं. "उकडून मरतोय माणूस."

इंजिनाचा आवाज भरत आला. आणि शहजादीचा हात उठला. तिला धनश्रीला पाडायचं नव्हतं. तिला फक्त कळून घ्यायचं होतं. बाकाशेजारच्या पत्र्यावर तिने दोन ठोके दिले.

गाडी निघाली.

मागं न बघता, आरशात न डोकावता, दुसरा ठोका पडल्याबरोबर निघाली, जशी नऊ वर्षं निघत आली होती. शहजादीच्या अंगभर साखरेसारखं काहीतरी विरघळलं. निघाला! माझ्या हातावर निघाला!

मग किंचाळी ऐकू आली.

धनश्री फार वरून पडली नव्हती. पण तोल सावरायला तिने जे धरलं ती गॅसची तापलेली नळी होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पोळली. गाडीतून परतणाऱ्या रंगुबाईने भाजीवर शिंपडायचं पाणी तिच्या हातावर ओतलं, कुणीतरी रिक्षा थांबवली. शहजादीही उतरली. तिने धनश्रीची सळई उचलली आणि ती कुठं ठेवावी ते न कळून हातात धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आवारात शेठने सगळ्यांना बोलावलं. धनश्री बँडेज बांधलेला हात छातीशी धरून आली होती.

"बेल कुणी दिली?"

"मी नाही दिली," धनश्री म्हणाली. "माझे दोन्ही हात कामात होते."

"लोक सांगतात डबल बेल ऐकली. बिभीषण?"

"ऐकली."

"कुणाची?"

बिभीषण जमिनीकडे बघत राहिला. "बेल ऐकली, गाडी काढली. चूक माझी. आरशात बघायला पायजे हुतं."

"म्हणजे वर चढताना हिचीच सळई पत्र्यावर आपटली असणार," शेठने निकाल लावला. "धनश्री, हात बरा होईपर्यंत घरी बस. मग बघू. शहजादीताई, उद्यापासून बंबवाली तुमची."

धनश्री वळली. "ताई, तुम्ही मागच्या बाकावर होता ना? तुम्हाला दिसलं असेल. सांगा ना यांना."

सगळ्यांनी शहजादीकडे बघितलं. एकट्या बिभीषणने नाही बघितलं.

"गर्दी होती गं," शहजादी म्हणाली.

उद्यापासून म्हणजे उद्यापासून. शहजादी बंबवालीच्या दारात उभी राहिली. जोडी परत जुळली, लोकांनी म्हटलं. नियाजने कोळसा पेटवून दिला, फोटोवाला एक पोरगा येऊन गेला. केडगावच्या स्टॉपवर माणसं चढली. शहजादीने हात उचलला, त्या जाड, घुमणाऱ्या पत्र्यावर पहिल्यांदा हक्काने दोन ठोके दिले, आणि वाट बघितली.

गाडी निघाली नाही.

बिभीषण आरशात बघत होता. या बाजूच्या, मग त्या बाजूच्या. मग त्याने दार उघडलं, खाली उतरला, गाडीला पूर्ण वळसा घातला, मागच्या पायरीवर हात फिरवून बघितला, परत येऊन बसला आणि मग निघाला.

पुढच्या स्टॉपवर तेच. सक्कर चौकात तेच. मागं हॉर्न वाजायला लागले.

"ओ मामा, बेल झाली की!" एक जण ओरडला.

"झाली का? बघून येतो," बिभीषण म्हणाला आणि उतरला.

"मंदिराला प्रदक्षिणा घालतोय का हा?" गाडीत हशा पिकला. शहजादीही हसली. हसताना तिचे कान तापले होते. तिने तीन ठोके दिले, तरी तो पुढच्या स्टॉपवर थांबला, मान वळवून गाडी खरंच भरलीय का ते बघितलं. पत्रा खरवडून तिने एक ठोका दिला. पुढून हसू आलं नाही.

भिंगारला गाडी रिकामी झाली. शहजादी आतूनच पुढं चालत गेली आणि त्याच्या मागच्या बाकावर बसली.

"हे काय चाललंय तुझं?"

"काय?"

"माझी बेल झाली की उतरतोस. लोक हसतात."

"हसू दे. कुनी पडन्यापरीस हसलेलं बरं."

पिंपात कोळसा तडतडत होता.

"तुला माहीत होतं," शहजादी म्हणाली.

"तुझा दुसरा ठोका हलका पडतो. धनश्रीचे दोनी सारखे. पडल्यापडल्या कळलं, ही ताईची. ताईची हाय म्हनूनच ब्रेकवरचा पाय काढला. पोरगीची असती तर एकदा आरशात बघितलं असतं. तिचं अजून कच्चं हाय."

जे ऐकायला शहजादी कितीतरी दिवस जळत होती, ते हेच होतं. आता ते अंगावर उकळत्या पाण्यासारखं आलं.

"मग शेठला का नाही सांगितलंस?"

"तू हुतीस की तिथं उभी. तोंड तुझं, बोलनं तुझं. मी कशाला वाजवू?"

"मग हा सूड घेतोयस?"

"सूड?" त्याने पहिल्यांदा मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बावरलेला होता तो. "ताई, मी मुद्दाम न्हाई करत. तू ठोका दिला की मी म्हनतो चल. पर पायच उचलत न्हाई. डोळ्यापुढं ती पोरगी येती. नऊ वर्सं उचलला, आता उचलत न्हाई. त्याला मी काय करू?"

शहजादी उठली. परतीच्या फेरीत तिने बेल दिलीच नाही. प्रत्येक स्टॉपवर ती स्वतः खाली उतरून उभी राहिली, तोंडाने "चला" म्हणाली आणि चालत्या गाडीत चढली. तरीही बिभीषण आधी आरशात बघत होता.

आवारात पोचल्यावर ती थेट शेठच्या टेबलापाशी गेली. नियाज तिथंच नळ्या पुसत बसला होता.

"त्या दिवशीची बेल मी दिली होती. धनश्रीला बोलवा."

शेठ पेन धरून तसेच राहिले. "चुकून?"

"नाही."

"मग का दिलीत?"

"बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"निघतो का ते."

"अहो, कोण निघतो का? काय बोलताय तुम्ही?"

शेठना ते शेवटपर्यंत उमगलं नाही. नियाजने मात्र पुसायचं फडकं खाली ठेवलं आणि तो हळूच म्हणाला, "शेठ, राहू द्या. तुम्ही फक्त काय शिक्षा द्यायची ते सांगा."

शेठने तिला घरी बसवलं. लढाई संपून सगळ्या गाड्या परत रस्त्यावर येईपर्यंत ड्युटी नाही. धनश्रीचा हात भरून आला तशी ती बंबवालीवर परत आली. शहजादी तिच्या घरी सुप्याला जाऊन आली होती. काय बोलणं झालं ते तिने इम्रानलाही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तिची आई चांगली आहे. तिने मला चहा दिला. धनश्रीने नाही दिला."

पुढच्या आठवड्यात मावसबहीण खरोखरच आजारी पडली. भिंगारला जायचं तर वाल्मिकची गाडी नुकतीच गेलेली, आणि समोरून धापा टाकत बंबवाली आली. शहजादी चढली.

"तिकीट," धनश्री म्हणाली. बाहीखालून कातडीचा नवा, गुलाबी पट्टा दिसत होता.

"स्टाफ."

"स्टाफ ड्युटीवर असला तर स्टाफ. तुम्ही घरी बसलाय."

दोन-तीन माणसं हसली. शहजादीने तिकीट घेतलं आणि सवयीने मागच्या बाकाकडे वळली.

"तिकडं नाही," धनश्री म्हणाली. "पुढं बसा. मला दिसाल अशा."

शहजादी पुढे जाऊन बिभीषणच्या मागे बसली. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली. माणसं चढली, गाडी भरली. दारातून दोन ठोके पडले. दोन्ही सारखे, शाळेच्या घंटेसारखे. यात कसला आलाय जीव, असं शहजादीला वाटलं. आणि बिभीषणचा पाय उचलला गेला. त्याने आरशात बघितलं, पण अगदी ओझरतं, बघायची सवय सुटत चाललेला माणूस बघतो तसं.

शहजादीच्या पोटात जुनाच कोळसा पुन्हा लाल झाला. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसली.

"बरी हायस का ताई?" बिभीषणने विचारलं.

"जळतेय."

"अजून?"

"अजून. तू समोर बघून चालव."